मोठा पंखा, संथ हवा
(सोलापुरातील एका स्मृती व्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते पदार्थविज्ञान शिकवत. म्हणून मीही त्यांच्याच विषयातला एक प्रश्न घेऊन आपल्यापुढे उभा आहे. प्रश्न पुस्तकातला आहेच, पण आता तो सोलापूरच्या डोक्यावरूनही जाऊ लागला आहे.

होटगी रस्त्यावरचा विमानतळ आपल्याला नवा नाही. मध्यंतरी किंगफिशरची सेवा काही काळ चालली, बंद पडली, आणि धावपट्टी पुन्हा ओस झाली. मग कुमठ्याच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याच्या सहवीज प्रकल्पाची चिमणी विमानांच्या वाटेत येते, हा वाद वर्षानुवर्षं गाजला. सुमारे नव्वद मीटरची ती चिमणी १५ जून २०२३ रोजी स्फोटकं लावून पाडली. २९ सप्टेंबर २०२४ला विमानतळाचं उद्घाटन झालं, ९ जून २०२५ला फ्लाय ९१चं गोव्याचं विमान सुरू झालं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात स्टार एअरचं मुंबईचं. चिमणी राहावी की पडावी यावर या शहरात घराघरांत बोललं गेलं. येणाऱ्या विमानाचा आवाज किती आणि धूर किती, यावर मात्र फारसं बोलणं झालं नाही. ते आज करू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. शांत इंजिन आणि स्वच्छ इंजिन या दोन वेगळ्या मागण्या नाहीत. दोन्हींच्या मुळाशी निसर्गाचा एकच हिशेब आहे. तो हिशेब लहान पल्ल्याच्या जेट इंजिनात उतरवता येतो, हे जवळपास पन्नास वर्षांपूर्वी सिद्ध झालं. तरीही अशी इंजिनं सर्रास उडायला चाळीस वर्षं लागली आणि आपल्यापर्यंत ती अजून पोचलेली नाहीत. विज्ञान कमी पडलं म्हणून हे झालं नाही. कोणी नेटाने मागितलं नाही म्हणून झालं.

आवाज म्हणजे काय ते सोलापूरला शिकवायला नको. १८७७ साली इथे जुनी मिल सुरू झाली आणि पुढे कित्येक पिढ्या हे शहर गिरणीच्या भोंग्यावर उठलं, जेवलं, झोपलं. भोंगे थांबले, पण पूर्व भागातल्या यंत्रमागांची खटखट राहिली. धोट्याच्या मागाजवळ उभं राहिलं तर आवाज शंभर डेसिबलच्या घरात जातो. आठ तासांच्या पाळीसाठी आपल्या कारखाना नियमांनी नव्वदची मर्यादा घातलेली आहे. डेसिबलच्या मोजणीत दहाची वाढ म्हणजे ध्वनीची शक्ती दहापट, हे लक्षात घेतलं की या दोन आकड्यांमधलं अंतर किती मोठं आहे ते कळतं. मागावर आयुष्य काढलेल्या माणसाशी बोलताना घरच्यांना आवाज चढवावा लागतो. त्या बहिरेपणाची भरपाई कोणत्याही पगारपत्रकात दिसली नाही. शहरात नवं यंत्र येतं तेव्हा त्याचा आवाज सुरुवातीलाच मोजून घ्यावा, असं मी म्हणतो ते या अनुभवाच्या आधारावर.

आता मूळ हिशेबाकडे येऊ. जेट इंजिन विमान पुढे कसं ढकलतं? हवा मागे फेकून. रेटा किती मिळेल हे दोन गोष्टींवर ठरतं: दर सेकंदाला किती हवा फेकली आणि ती किती वेगाने फेकली. थोडी हवा प्रचंड वेगाने फेका किंवा पुष्कळ हवा बेताच्या वेगाने फेका, रेटा सारखाच मिळू शकतो. कानाला आणि इंधनाच्या टाकीला मात्र या दोन्हींत जमीनअस्मानाचा फरक पडतो. कुकरच्या शिट्टीतून निघणारी वाफ आणि छतावरचा पंखा आठवा. जास्त हवा कोण हलवतं आणि जास्त ओरडतं कोण?

१९५२ साली जेम्स लाइटहिल या इंग्रज गणितज्ञाने झोताच्या आवाजाचं सूत्र मांडलं. झोतातून निघणारी ध्वनिशक्ती वेगाच्या आठव्या घाताच्या प्रमाणात वाढते. आठव्या! वेग दुप्पट केला तर आवाजाची शक्ती दोनशे छप्पन्न पट. हे सूत्र हाती घेऊन एक उदाहरण सोडवू. झोताचा वेग निम्मा करा आणि रेटा तेवढाच राहावा म्हणून झोताचं क्षेत्रफळ चौपट करा. आवाज किती राहील? चार भागिले दोनशे छप्पन्न, म्हणजे एक चौसष्टांश. आणि हवा फेकायला लागणारी शक्ती? ती वेगाच्या तिसऱ्या घाताने बदलते, म्हणजे चार भागिले आठ, निम्मी. विमान जमिनीवर उभं आहे असं धरून केलेला हा ढोबळ हिशेब आहे, उडत्या विमानात आकडे बदलतात. पण दिशा बदलत नाही. वेग उतरवला की आवाज उतरतो आणि त्याच हाताने इंधनही वाचतं. विमानाचं एक किलो इंधन जळलं की सव्वातीन किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तयार होतो, तेव्हा वाचलेलं इंधन ही पहिली स्वच्छता.

म्हणून आधुनिक इंजिनाच्या तोंडाशी मोठा पंखा असतो. आत ज्वलन होणारा गाभा लहान. पंख्याने ओढलेली बहुतेक हवा गाभ्यात शिरतच नाही, बाजूने वळसा घालून थेट मागे जाते. गाभ्यातून एक भाग हवा गेली आणि बाजूने पाच भाग गेली तर ते पाचास एकचं इंजिन. हा आकडा जितका मोठा तितकं इंजिन शांत आणि काटकसरी.

मग सगळ्यांनीच मोठाले पंखे का लावले नाहीत? इथे खरी अडचण सुरू होते. पंखा ज्या दांड्यावर बसतो त्याच्या दुसऱ्या टोकाला त्याला फिरवणारं टर्बाइन असतं. टर्बाइनला वेगाने फिरायला आवडतं, मोठ्या पंख्याला सावकाश. दोन मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला दहा हजार फेऱ्यांनी फिरवला तर त्याच्या पात्यांची टोकं सेकंदाला हजार मीटरहून जास्त वेगाने जातील, ध्वनीच्या तिप्पट. पाती ते सोसणार नाहीत, आणि टोकं ध्वनीचा वेग ओलांडू लागली की करवतीसारखी जी घरघर उठते ती झोताच्या आवाजावरही मात करते. उपाय सुचायला सोपा आहे: मध्ये गिअर घाला. टर्बाइनच्या तीन फेऱ्यांना पंख्याची एक. पण हा गिअर सुमारे तीस हजार अश्वशक्ती पेलणारा हवा, आणि त्यात एक टक्का जरी वाया गेला तरी तीनशे अश्वशक्तीची उष्णता एका लहानशा डब्यात साठते. ती तेलाने वाहून न्यायची, डब्याचं वजन वाढू द्यायचं नाही आणि हजारो उड्डाणांत दाते झिजू द्यायचे नाहीत. लेथवर काम केलेला इथला कोणीही कारागीर सांगेल की खरी परीक्षा या शेवटच्या वाक्यात आहे.

आता १९७४ सालात जाऊ. अमेरिकेच्या नासा संस्थेने जनरल इलेक्ट्रिक कंपनीला एक काम दिलं. नावातच हेतू होता: लहान पल्ल्याच्या विमानांसाठी शांत, स्वच्छ, प्रायोगिक इंजिन. कल्पना अशी होती की शहरालगतच्या आखूड धावपट्ट्यांवरून विमानं उडावीत आणि शेजाऱ्यांची झोप मोडू नये. धावपट्टीपासून बाजूला दीडशे मीटरवर आवाज ठरावीक पट्टीत राहिला पाहिजे, हे ध्येय कागदावर आधी लिहिलं आणि इंजिन त्यानंतर आखलं. मला या प्रकल्पातली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. एरवी इंजिन आधी बनतं आणि आवाज कमी करण्याची धडपड मागाहून होते.

त्यांनी दोन इंजिनं बांधली, एक पंखाखाली बसणारं आणि एक पंखावर. दोन्हींत पंखा गिअरवर चालणारा. एकात पंख्याच्या पात्यांचा कोन इंजिन चालू असताना बदलता येई, इतका की विमान उतरल्यावर पाती उलटी वळवून तोच पंखा ब्रेकचं काम करू शकेल. या इंजिनाची पाती धातूची नव्हती, तंतू आणि राळ यांच्या संयुक्त पदार्थाची होती. नियंत्रण संगणकाकडे होतं, आणि ते १९७०च्या दशकात! ओहायो राज्यात चाचण्या झाल्या, बहुतेक उद्दिष्टं साध्य झाली. आणि इंजिनं बासनात गेली.

कारणं तांत्रिक नव्हती. १९८०च्या दशकात तेल स्वस्त झालं. अमेरिकेत १९७८ साली विमान वाहतूक खुली झाल्यावर कंपन्यांनी सगळी उड्डाणं मोठ्या केंद्रांतून वळवली आणि शहरालगतच्या लहान धावपट्टीचा विचार मागे पडला. त्या प्रयोगाचे तुकडे पुढे वेगवेगळ्या वाटांनी आले. संयुक्त पदार्थाची पाती १९९५ साली जीई ९० या प्रचंड इंजिनातून प्रवासी सेवेत उतरली. संगणकी नियंत्रण सर्वत्र पसरलं. गिअरसाठी मोठ्या प्रवासी विमानाला आणखी वीस वर्षं थांबावं लागलं. प्रॅट अँड व्हिटनीने त्यावर दोन दशकं खर्ची घातली, आणि जानेवारी २०१६ मध्ये गिअरचं इंजिन लावलेलं एअरबस ए ३२० निओ लुफ्तान्साकडून प्रवासी घेऊन उडालं. दोनच महिन्यांत इंडिगोमार्फत ते भारतात आलं. त्याचं प्रमाण बारास एक आहे. त्याआधीच्या पिढीत ते पाच-सहास एक असे. इंधनात पंधरा टक्क्यांच्या आसपास बचत झाली.

या इंजिनाने आपल्या देशाला त्रासही दिला. २०२३ साली कंपनीने जाहीर केलं की काही चकत्यांच्या धातूच्या भुकटीत भेसळ राहिली आहे. जगभर विमानं तपासणीसाठी उभी करावी लागली. त्याच वर्षी मे महिन्यात गो फर्स्ट ही विमान कंपनी बुडाली आणि तिने इंजिनांकडेच बोट दाखवलं. म्हणून ‘गिअरचं इंजिन नको’ असं म्हणणारे भेटतात. पण त्या चकत्या गाभ्यातल्या होत्या. ज्याची पन्नास वर्षं धास्ती होती तो गिअर चांगला टिकला आहे. दोष कुठे होता हे नीट वेगळं काढलं नाही तर आपण चांगली कल्पना चुकीच्या कारणासाठी टाकून देऊ.

आता सोलापूरच्या धावपट्टीवर या. इथे दोन तऱ्हेची विमानं आपण पाहिली. फ्लाय ९१चं एटीआर ७२ हे पंखे उघडे असलेलं विमान. पुष्कळ हवा, बेताचा वेग, हा नियम त्यात टोकाला नेलेला आहे, म्हणून त्याला इंधन कमी लागतं. मुंबई सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, गोवा तीनशे. एवढ्याशा अंतरात जेट जाऊन जाऊन दहा-पंधरा मिनिटं वाचवणार. माझं स्पष्ट मत असं की या पल्ल्याला उघड्या पंख्याचं विमानच योग्य आहे. विमानतळावर जाण्यात आणि रांगेत उभं राहण्यात त्याहून जास्त वेळ जातो.

तरी जेट येणारच, कारण तेच विमान दिवसभरात लांबच्या शहरांनाही जातं. स्टार एअरच्या ताफ्यातलं एम्ब्रेअर १७५ घ्या. शहात्तर आसनं. त्याचं इंजिन सीएफ ३४, ज्याची मूळ रचना १९६०च्या दशकाअखेरच्या लष्करी इंजिनाची. विश्वासू इंजिन आहे, प्रमाण पाचास एक. याच विमानाची नवी आवृत्ती, गिअरचं इंजिन लावलेलं, नऊस एक प्रमाणाची, ब्राझीलमध्ये तयार झाली आणि १२ डिसेंबर २०१९ रोजी तिने पहिलं उड्डाणही केलं. मग ती का आली नाही? अमेरिकेतल्या मोठ्या विमान कंपन्यांचे त्यांच्या वैमानिकांशी करार आहेत. छोट्या पल्ल्याचं काम दुसऱ्या कंपनीला द्यायचं तर विमान शहात्तर आसनांपेक्षा आणि ३९ टनांपेक्षा मोठं नको, अशी त्यांत अट. मोठा पंखा आणि गिअर यांनी नव्या विमानाचं वजन त्या रेघेच्या वर गेलं. सर्वांत मोठं गिऱ्हाईक अमेरिका, तिथे विकता येईना, म्हणून एम्ब्रेअरने काम थांबवून ठेवलं. वैमानिकांनी आपली नोकरी राखायला ती अट घातली, त्यांना दोष देता येणार नाही. पण विमानतळालगतच्या मजरेवाडीच्या, नई जिंदगीच्या गच्चीवर कोणता आवाज ऐकू यावा हे अटलांटिकपलीकडच्या एका नोकरीच्या करारात ठरतं आहे, आणि आपल्याकडून त्या निर्णयात एक शब्दही गेलेला नाही. भारतासारख्या देशाने, जिथे लहान शहरांना जोडणारी शेकडो विमानं लागणार आहेत, ठाम मागणी नोंदवली असती तर चित्र वेगळं दिसलं असतं असं मला वाटतं.

शांततेचा एक तपशील जवळून दाखवतो. माझ्या हातात हा जो पट्टा आहे, तो इंजिनाच्या बाहेरच्या वेष्टनाच्या आतून बसवतात त्या प्रकारचा. वरच्या पत्र्याला बारीक भोकं आहेत, मिलिमीटरभराची. खाली मधमाशांच्या पोळ्यासारखी घरं, बोटाच्या दोन पेरांइतकी खोल. मागे बंद पत्रा. पंख्याचा आवाज भोकांतून आत शिरतो, बंद तळावर आपटून परततो आणि नव्याने येणाऱ्या लाटेला नेमका उलट भेटतो. भोकाच्या तोंडाशी हवा पुढेमागे घासली जाते आणि आवाजाची उष्णता होते. घराची खोली बदलली की कोणती पट्टी शोषायची ते बदलतं. हा पट्टा हातोहाती फिरू द्या, मागच्या रांगेतल्या मुलामुलींपर्यंत जाऊ द्या.

स्वच्छतेबद्दल अजून दोन गोष्टी. गाभा जितका तापेल तितकं इंधन कमी लागतं, पण त्याच उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन जुळून नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात. विमान उड्डाण घेतं तेव्हा इंजिन पूर्ण ताकदीवर असतं, आणि लहान पल्ल्याचं विमान दिवसातून कितीतरी वेळा उड्डाण घेतं. त्यामुळे हा धूर वस्तीजवळ पडतो. उपाय ज्वलनकक्षात आहे: इंधन आणि हवा आधीच नीट मिसळायची, म्हणजे ज्योतीत अति तप्त ठिपके राहत नाहीत.

दुसरी गोष्ट आपल्या उसाची. १९ मे २०२३ रोजी पुण्याहून दिल्लीला एक प्रवासी विमान गेलं, त्याच्या टाकीत थोडं इंधन पुण्याच्या प्राज कंपनीने उसाच्या मळीपासून केलेलं होतं. २०२७ सालापासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत असं इंधन एक टक्का आणि २०३०पर्यंत पाच टक्के मिसळायचं, असं केंद्राने ठरवलं आहे. साखर कारखान्यांचा आपला जिल्हा या बातमीने हरखून जाणं स्वाभाविक आहे. पण रसायनशास्त्र पाहा. इथेनॉलच्या ४६ भागांतून पाणी काढल्यावर इंधनाच्या उपयोगाचे २८ भाग उरतात. म्हणजे एक किलो विमान इंधनाला दीड किलोहून जास्त इथेनॉल. त्यामागे ऊस, उसामागे उजनी धरणाचं पाणी. मळीपासून होत असेल तेवढं जरूर करावं, पण विमानासाठी ऊस वाढवायला मी अनुमोदन देणार नाही. इंजिनाने जे इंधन जाळलंच नाही त्याला एक थेंबही पाणी लागत नाही.

शेवटी कायद्याचं. केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१८ साली विमानतळ परिसरासाठी मर्यादा घातल्या. सोलापूरसारख्या कमी वर्दळीच्या विमानतळाला दिवसा ६५ डेसिबल, रात्री ६०. ही मर्यादा सरासरीची आहे, आणि इथेच माझी तक्रार आहे. दिवसाला दोनचार उड्डाणं असली की उरलेल्या तासांची शांतता सरासरीला वाचवते आणि कागदावर सगळं आलबेल दिसतं. तान्हं मूल सरासरीने जागं होत नाही, एका उड्डाणाने होतं. म्हणून प्रत्येक उड्डाणाचा कमाल आवाज वेगळा नोंदवला गेला पाहिजे.

ही नोंद कोणी करायची? सोलापूरने. इथे अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत, विद्यापीठ आहे. ध्वनिमापक फार महाग यंत्र नाही. होटगी रस्ता, मजरेवाडी, नई जिंदगी, जुळे सोलापूर अशा ठिकाणी चारसहा मापकं बसवा, विमानाचा प्रकार आणि वेळ लिहा, आकडे महानगरपालिकेच्या फलकावर लावा. एटीआर किती, एम्ब्रेअर किती, हे शहराला दिसू द्या. आज उड्डाणं मोजकी आहेत, तोवरच हे सोपं आहे. तीस झाल्यावर मूळची शांतता किती होती हे सांगायला कोणाकडे आकडा नसेल. हाती नोंदी असल्या की विमानतळ प्राधिकरणाकडे आणि राज्य सरकारकडे मागणी करता येईल: सोलापूरला सवलतीची हवाई सेवा द्याल तेव्हा शांत आणि कमी इंधनाच्या विमानाला झुकतं माप द्या, गोंगाटी विमानाला उतरण्याचं भाडं जास्त लावा. युरोपातल्या अनेक विमानतळांवर असं भाडं लावतात. आणि धावपट्टीच्या दोन्ही टोकांना नवी शाळा, नवं रुग्णालय यांना परवानगी देऊ नका.

विद्यार्थ्यांना वेगळं सांगतो. चाकणला २०१५पासून जनरल इलेक्ट्रिकचा कारखाना आहे, जगभर उडणाऱ्या इंजिनांचे भाग तिथे बनतात. उघड्या पंख्याचं नवं जेट इंजिन बनवण्याचा प्रकल्प त्याच कंपनीने फ्रान्सच्या साफ्रानबरोबर २०२१ साली जाहीर केला आहे, इंधन वीस टक्क्यांनी उतरवायचं ठरवून. गिअरचे दाते, संयुक्त पदार्थांची पाती, ज्वलन, ध्वनिशास्त्र, या चारही शाखांत अजून पुष्कळ काम बाकी आहे. या सभागृहातल्या चार-पाच जणांनी जरी त्यांतला एखादा विषय धरला, तर मला आनंद होईल. मापकं बसवायला ज्यांना यायचं आहे त्यांनी व्याख्यान संपल्यावर संयोजकांकडे नाव नोंदवावं.